दादांना न विचारलेलं

थोरले दादा अमरावतीला एकटे राहत. अर्धांगवायूचा झटका आल्यावर मी त्यांना अकोल्याला घरी आणलं. समजतं सगळं, पण एक वाक्य पुरं करायला त्यांना वेळ लागतो आणि तेवढा धीर घरात कुणाला उरत नाही. मलाही नाही.

पाहुणे येतात, पलंगाशी खुर्ची ओढतात आणि विचारतात मला. "जेवतेत का बराबर?" "यायले झोप लागते काय?" उत्तर मीच देतो. जाताना दादांच्या पायाला हात लावून जातात.

यावर कथा लिहायला घेतली. आधी दादांच्या तोंडून, 'मी' म्हणून लिहिली. वाक्यं लांबलचक आणि नीटनेटकी आली. ती दादांची नव्हती, माझी होती. मग 'तो' म्हणून लिहिली. त्याला वळवलं, त्याला पुसलं, त्याला भरवलं. सामान हलवल्यासारखं वाटलं. शेवटी नुसतं घरच्यांचं आणि पाहुण्यांचं बोलणं ठेवलं. सात पानं भरली. पलंगावरचा माणूस त्यात एकदाही बोलत नाही. हे जमलं असं वाटलं. मित्रांच्या बैठकीत वाचण्याआधी दादांना ऐकवणं भाग होतं. रविवारी दुपारी ऐकवली.

"खरी हाये," ते म्हणाले. मी पानं आवरू लागलो, तर डाव्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं.

"त्या मानसाले... कोनी इचारत नाही?"

"नाही इचारत, दादा. तेच तं दाखवाचं हाये."

"आन... तू?"

"काय इचारू?"

बराच वेळ गेला. मनगट दुखायला लागलं.

"चहात... साखर."

"साखर तुमाले चालत नाही ना."

"शुगर... तुले हाये. मले... नाही."

खरंच होतं. माझ्यासाठी घरात बिनसाखरेचा चहा होतो. दादा आले तेव्हा त्याच पातेल्यात एक कप वाढवला. ते वर्षभर तोच पीत आले. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "भाऊजी, सांगाचं नाही का मंग?"

संध्याकाळी शेजारचे काका आले. मला म्हणाले, "चहा घेतेत काय हे?"

"त्यायलेच इचारा."

काका अवघडून पलंगाकडे वळले. दादा शब्द जुळवू लागले. आम्ही थांबलो. असं थांबून राहणं जड जातं. काकांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी दारातून दिसणाऱ्या चहाच्या पातेल्याकडे बघत राहिलो.