अर्धी पात

मी धरणगाव तालुक्यातल्या एका गावाचा ग्रामसेवक होतो. धुरपताबाईच्या मृत्यूच्या नोंदीत 'नैसर्गिक' हा शब्द मीच लिहिला. सत्तेचाळीस अंशांच्या उन्हात बाई बाजरीच्या शेतात पडली आणि मी लिहिलं, नैसर्गिक. शवविच्छेदन झालं नव्हतं, दिवस मावळायच्या आत तिला जाळलंही होतं, आणि कागद नसला की सरकारी माणसाला उष्माघात दिसत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी दुसऱ्यांवर चिडलो तर कोणी मला साधू समजायला नको.

गोष्ट मात्र लिलाबाईची आहे. धुरपताबाईची ती थोरली जाऊ, अठरा बायांच्या टोळीची म्होरकी.

आमच्याकडे कापणीला बायका पात धरतात. प्रत्येकीच्या वाट्याला चार ओळी, आणि त्या बांधाला लागेपर्यंत उठायचं नाही. अर्धी पात सोडणारीला पुढच्या वेळी कोणी टोळीत घेत नाही. धुरपताबाईला भोवळ आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. लिलाबाईने तिला निंबाखाली निजवलं, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाली, "पडी ऱ्हाय जराशी. पात पुरी करसूत, मंग दवाखानामा जासूत."

पात पुरी झाली. बाई तोवर गेली होती.

वर्षभर लिलाबाई कुणाशी धड बोलली नाही. तिचा मुलगा प्रशील दीपनगरच्या वीजकेंद्रात कोळशाच्या कामावर कंत्राटी आहे. तो सुट्टीला आला की समजूत घालायचा, "बठ्ठं जग तपी ऱ्हायनं, माय. आपला हातमा काय शे?" ती मान हलवायची. खरंच होतं ते. जग तापवणारे कुठे, आणि विळा घेऊन वाकलेली ही बाई कुठे!

मग एप्रिलात जिल्ह्यावरून एक साहेब उष्णतेबद्दल जागृती करायला आले. गाडीचं इंजिन बाहेर चालूच होतं, आतला गारवा जाऊ नये म्हणून. पडद्यावर तापलेली लाल पृथ्वी दाखवली, आणखी पंचवीस वर्षांनी काय काय होईल ते सांगितलं. शेवटी म्हणाले, नारळपाणी प्या, सैल सुती कपडे घाला, दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका.

मागून लिलाबाई उभी राहिली. "साहेब, बारा ते तीननी मजुरी कोन दी?"

साहेब हसले. त्या हसण्याने बाईच्या डोक्यात तिडीक गेली, आणि माझ्याही. हाच सल्ला छापलेला फलक मागच्या उन्हाळ्यात मी माझ्या हाताने पंचायतीच्या भिंतीला चिकटवला होता, आणि त्याच भिंतीसमोरून बायका रोज दहाला कामाला जात होत्या.

धुरपताबाईच्या जागी आता तिची मुलगी प्राची टोळीत येणार होती. अठरा वर्षांची पोर. लिलाबाई मला म्हणाली, "भाऊ, जग थांबाडता येत नही. पन हाई पोर त्या निंबखाले नही जावाले पाहिजे."

त्या आठवड्यात तिने गावातल्या पाचही टोळ्या बुद्धविहारात बसवल्या. पहाटे साडेपाचला शेतात, अकराला घरी, मजुरी तीच. एका टोळीला नकार मिळाला तर तिथे दुसरीने जायचं नाही. रडारड झाली, भांडणं झाली, पण सगळ्या हो म्हणाल्या.

पहिलाच दिवस गिरधर नानांच्या बाजरीचा. अकराला विहाराच्या भोंग्यावरून हाक झाली. नाना बांधावर छत्री धरून उभे, मी निंबाखाली. एकही बाई उठेना. पात अर्धी होती ना! मला वाटलं, संपलं सगळं. खुद्द लिलाबाईचा विळाही सवयीने चालूच होता.

तेवढ्यात प्राची उभी राहिली. रडत होती. "मोठी माय," ती म्हणाली, "पात पुरी करसूत, मंग जासूत का?"

लिलाबाईचा हात जागीच थांबला. तिने विळा टाकला आणि ओरडली, "उठा वं! सोडा पात!"

अठरा जणी उठल्या. नाना भडकले, "अर्धी पात सोडीसन चालन्यात? लाज नही वाटस?"

"मागला साल पुरी करी, नाना. त्यानीच लाज वाटस." तिने विळा उचलून त्यांच्यापुढे धरला. "तुम्हले घाई व्हई तर तुम्हीन करा पुरी."

नानांनी विळा घेतला नाही. तिथेच उभं राहून त्यांनी पाचोऱ्याकडच्या एका टोळीला फोन लावला. तिथली म्होरकी म्हणाली, येऊ, पण अकराला उठू. लिलाबाईचा फोन तिला आदल्याच दिवशी गेला होता. नानांनी मोबाइल खिशात टाकला आणि पाच मिनिटांत, फार तापतंय म्हणत, घरी निघून गेले.

बाजरी दिवसभर अर्धी उभी होती. कणसं काही मेली नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे प्राची शेतात आली, आणि जिथे विळा थांबला होता तिथूनच तिने पात धरली.