चाकाची मागची बाजू

बाळांनो, आपल्या शेजारचे, भातशेती करणारे काका तुम्हाला आठवत असतील; सुट्टीत त्यांनी तुम्हाला खळ्यावर नेलं होतं. दिवाळीनंतर त्यांनी जुनी गाडी घेतली. आपल्या गाडीसारखीच, त्याच सालची, फक्त रंग पांढरा. घेतली ती मुरबाडच्या व्याह्यांकडून, म्हणजे त्यांच्या लेकीच्या सासऱ्यांकडून. लेक पहिलटकरीण. तिला बाळंतपणाला इथे शहापूरला आणायचं, तर जीपमध्ये दाटीवाटीनं नको, घरच्या गाडीतून आणू, एवढाच हेतू.

रविवारी आणायला जायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी काका चाकांत हवा भरायला गेले, तेव्हा टायरच्या दुकानात कोणीतरी सहज म्हणालं, की ही चाकं, म्हणजे टायरच्या आतली धातूची, कंपनीची दिसत नाहीत, डुप्लिकेट आहेत. अशी चाकं खड्ड्यात आपटली की तडकतात. काका तिथून थेट माझ्याकडे आले. व्याह्यांनी त्यांना सांगितलं होतं, की गाडीला शोरूममधली चाकं जशीच्या तशी आहेत. ते खोटं असेल तर आत्ताच फोन करून विचारतो, म्हणाले, मग त्यांनी लेकीला पाठवलं नाही तरी चालेल. त्यांची बायको मागोमाग आलीच. लेकीचं येणं बिनसणार, ही धास्ती तिच्या तोंडावर दिसत होती, पण बोलणं मात्र नेहमीचं.

"म्हशाच्या गुरांच्या बाजारात बैलाचे दात बघतात, त्याला चालवून बघतात," ती मला म्हणाली. "आणि गाडी घेतली ती नुसता चहा पिऊन."

"व्याह्याच्या दारात वाकून चाकं बघू काय?" काका म्हणाले. "सोयरीक हाय गो ती, बाजार नाय."

ते खरंच होतं. आपल्याकडे सोयऱ्यांची वस्तू कोणी उलटीपालटी करून पाहत नाही.

आपली गाडी मी स्वतः शोरूममधून नवी आणलेली. तेव्हा दोन्ही गाड्या अंगणात शेजारी शेजारी लावून ताडून पाहू, असं मी सुचवलं. चाकाच्या मधल्या टोपीवर कंपनीचं चिन्ह दोन्हीकडे होतं. पण नीट पाहिलं, तर आपल्या चाकांचे आरे किंचित जाड आणि कडेला बोथट, त्यांचे रेखीव. रंगाची छटाही जरा वेगळी. चाकं जुळत नाहीत, असं मी सांगितलं. काकांनी लगेच खिशातून फोन काढला.

तो मी करू दिला नाही. टोपी कुठेही विकत मिळते आणि पुढून रंगही देता येतो. कारखान्यात चाक ओततात तेव्हाच त्याच्या मागच्या बाजूला बनवणाऱ्याची खूण, माप, पेलायचं वजन आणि ओतल्याचा महिना-साल अशी उठावाची अक्षरं येतात. ती पाहिल्याशिवाय कोणाला खोटं ठरवायचं नाही, असं मी त्यांना बजावलं.

जॅक लावून त्यांच्या गाडीचं चाक काढलं. मागे चिखलाचा थर होता. ओल्या फडक्यानं पुसला, तशी अक्षरं वर आली. सालही गाडीच्या सालाशी जुळलं. बाकीची चाकंही तशीच निघाली.

मग आपलं काढलं, केवळ खात्रीसाठी. त्याच्या मागे काहीच नव्हतं. मी चष्मा पुसला, टॉर्च धरली, बोट फिरवलं. सगळं गुळगुळीत. एका आऱ्याच्या मुळाशी मात्र बोटाला खरखरीत वळ लागला. तिथे तडा गेला होता, तो वेल्डिंगनं भरून वर रंग मारला होता.

मी पायरीवर बसले. बाळांनो, त्याच चाकांवर मी तुम्हाला मागे बसवून मुरबाडला नेलं होतं. वळणावर तुम्ही ओरडत होता, आजी, अजून जोरात, आणि मी जोरात नेली होती. चाकं कधी बदलली, कोणी बदलली, मला सांगता येत नाही. मी तुमच्याकडे राहायला आले होते तेव्हा गाडी रंगकामाला दिली होती. तेव्हा असेल, नाहीतर त्याच्याही आधी. सर्व्हिसिंग कधी चुकवलं नाही. ती चाकं दर रविवारी मी स्वतः पुसत होते, चकाकेपर्यंत, पुढून.

काका हातातल्या फोनकडे बघत राहिले. "बाई, मी त्यांना काय काय बोललो असतो," ते हळूच म्हणाले.

"बोलला असता, तर पोर तिथंच राहिली असती," बायको म्हणाली.

तेवढ्यात व्याह्यांचाच फोन आला. उद्या जेवायलाच या, लवकर निघा, असं त्यांचं म्हणणं. गाडी कशी चालते, हेही त्यांनी विचारलं असावं, कारण काका जरा थांबले आणि मग म्हणाले, "एकदम मस्त. काय बघायलाच नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक आली. उतरताना तिला हात द्यायला मी फाटकापाशी गेले. आपली गाडी विटांवर, चाकांशिवाय उभी बघून तिनं विचारलं, आजी, हिला काय झालं. तिची आई माझ्याकडे बघत होती. टायर बदलायचे आहेत, असं मी सांगितलं. लेक रोज सासरी फोन करते. तिच्या वडिलांनी त्या घरावर घेतलेला संशय तिच्या कानावर जायला नको होता.