शीड उतरायची ती जागा

मंडळी, दुपारी उजनीच्या पाण्याकडून आले. पायांचा चिखल अजून निघाला नाही, पण आधी हे लिहिते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मी लग्न होऊन आले. सासरचं गाव नुकतंच धरणात गेलं होतं. माप ओलांडलं ते नव्या वसाहतीतल्या पत्र्याच्या खोलीत. दुसऱ्याच दिवशी यांनी मला होडीत बसवलं. खताच्या पोत्यांचं शीड यांनीच शिवलेलं. टेकडीवरचं देऊळ आणि मागचा कडा एका रेषेत आला, तसं यांनी शीड उतरवलं.

"हितं खाली आपलं घर हाय. पाया पड."

मी हसले. "पाण्याच्या कसल्या पाया पडायचं?"

यांनी एकट्यानंच हात जोडले.

पुढं मासे घेऊन बाजाराला जाताना रोज तिथं शीड उतरायचं. वारा वाया जातो म्हणून मी रोज भांडायचे. हे हात जोडायचे आणि मगच शीड चढवायचे.

हे जाऊन दोन वर्षं झाली. यंदा पाणी खूप आटलंय, म्हणून आज दिरांबरोबर घर बघायला गेले. देऊळ आणि कडा धरून बरोबर त्या जागी पोचले. भिंत नव्हतीच. एक उभा दगड होता.

दीर म्हणाले, "वैनी, घर पार तिकडं. हितं आईला पुरलंय. नव्या नवरीला समाध कशी दाखवावी, म्हणून घर म्हणाला असंल दादा."

मी चप्पल काढली. चिखलात डोकं टेकवलं.

सांगा मंडळी, सुनेचा पहिला नमस्कार इतक्या वर्षांनी पोचतो का हो?