शूफेनची वेगळी चूल

म्युनिकला ऑफिसात होते, तेव्हा जियानचा फोन आला. "शूफेन गेली," एवढंच म्हणाला. ती आजारी आहे हे माहीत होतं. तरी मनाची तयारी अशी कधी होते का?

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. ब्राउनश्वाइगला पीएचडी करताना आम्हा तिघांचं होस्टेलमधलं किचन एकच. मी पुण्याची, जियान चीनमधल्या नानजिंगचा आणि शूफेन तैवानची. तिला कुणी चिनी म्हटलं की हातातला झारा खाली ठेवून ती हसत हसत दुरुस्ती करायची. "अगं, आपण एकाच घरातले," असं जियान म्हणायचा. तिचं उत्तर तयार असे, "असू की. पण माझी चूल वेगळी आहे!" वेगळ्या चुलीचं मीच तिला शिकवलेलं, म्हणून जियानची बोलणी मलाही बसायची. भांडण जर्मनमध्ये सुरू व्हायचं आणि तापलं की चिनीत शिरायचं. मी आपली पोळ्या लाटत ऐकायचे.

एका उन्हाळ्यात होस्टेलच्या मेळाव्यात प्रत्येक देशाचं टेबल होतं, टेबलावर झेंडा. शूफेननं तैवानचा लावला. तो उतरवा, नाहीतर आम्ही निघालो, असं चिनी मुलं म्हणाली आणि बोलायला त्यांनी जियानला पुढे केलं. संयोजक बाई गांगरल्या. "इथे राजकारण नको, काढ ना तो," त्या शूफेनला म्हणाल्या. तिचा चेहरा एवढासा झाला. वाटलं, आता ही रडणार... पण ती म्हणाली, "काढते. मग सगळ्यांचेच काढा."

आणि खरंच सगळे उतरले, आपला तिरंगासुद्धा! आपण कुठले, हे ज्यानं त्यानं तोंडानं सांगायचं. एका जर्मन आजीबाईंनी शूफेन-जियानला शेजारी पाहून विचारलं, "तुम्ही भावंडं का?"

"नाही!" दोघं एकदम ओरडले, आणि मग एकदमच हसत सुटले.

वाद कधीच मिटला नाही. पण पुढे हॉस्पिटलात तिच्यासाठी सूप घेऊन जियानच जायचा, आणि तिथेही दोघं भांडायची.

अंत्यविधीला एका गृहस्थांनी "चीनमधून आलेली आपली सहकारी..." अशी सुरुवात केली. जियान उठून उभा राहिला. "तैवानहून," तो म्हणाला. "ती असती तर तिनंच सांगितलं असतं." माझं मत बदललेलं नाही हं, असं बाहेर आल्याआल्या त्यानं मला बजावलं.

जेवणानंतर न विचारता सगळ्यांना फळं कापून द्यायची शूफेनची सवय. पेअर मात्र ती कधी कापायची नाही. त्यांच्या भाषेत 'पेअर वाटणं' आणि 'ताटातूट' कानाला सारखंच लागतं. एवढ्या एका बाबतीत दोघांचं एकमत! गेल्या रविवारी जियान आमच्याकडे जेवायला आला होता. जेवण झाल्यावर त्यानं पिशवीतून पेअर काढली, धुतली, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक अख्खं ठेवलं.