औषध सांगणारी मावशी

भेस्तानच्या चाळीत आमच्या शेजारची मावशी न विचारताच प्रत्येकाच्या दुखण्यावर औषध सांगायची. सुरतेत प्लेग आला, तेव्हा तिची सून गरोदर होती. सुनेचे पाय सुजले, डोकं दुखू लागलं. नर्सबाई तपासणीला बोलवायला आल्या, तर मावशी दारातच आडवी उभी राहिली. "दवाखानामा पलेग शे. आनि पाय ते समदासना सुजतस."

साथ ओसरली, तरी तिनं सुनेला पाठवलं नाही. एका सकाळी सुनेला झटके आले आणि दवाखान्याच्या वाटेवर रिक्षातच ती गेली, पोटातल्या बाळासकट.

आमच्या गल्लीत प्लेग कुणालाच झाला नव्हता. तरी भेटायला येणाऱ्यांना मावशी डोळे पुसत सांगायची, "पलेगमा गयी पोर." आम्ही माना हलवायचो. धुळ्याहून आलेली सुनेची आई तेवढी पाणी न पिता उठून गेली.