टोळी फोडायची न्हाई

आमच्या घोटावड्याच्या घरावर दोन खोल्या आहेत. कारखान्यातल्या पोरांना भाड्यानं द्यायच्या म्हणून बांधल्या होत्या. त्यातली मोठी खोली सुनेनं कामाला मागितली तेव्हा मुलगा कुरकुरला. मी म्हणाले, घर माझ्या नावावर आहे, खोली दिली. आता तिथं पाच टेबलं आहेत आणि पाचजणी बसून सॉफ्टवेअर लिहितात, सून धरून पाच. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचायला शिकले ते मुलाच्या पुस्तकांवरून. त्यामुळं त्या काय लिहितात ते मला वाचता येत नाही. पण कोण कसं काम करतंय ते लांबून ओळखता येतं. जन्मभर भातलावणीला बायका लावल्या, आणि दुसऱ्यांच्या खाचरात स्वतःही वाकले.

त्यांना काम देणारी हिंजवडीकडची एकच कंपनी होती. कारखान्याच्या गेटमधून कुठला माल आत आला, कुठला बाहेर गेला, त्याची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर. दर आठवड्याला त्यात काहीतरी बदल. गेटवरचा माणूस म्हणायचा हे बटण इकडं पाहिजे, गोदामातला म्हणायचा तिकडं. पोरी हसायच्या आणि बदलायच्या.

मग एका शनिवारी त्या कंपनीचे साहेब स्वतः आले. आमच्या गल्लीत ट्रॅक्टर आडवा उभा होता, म्हणून गाडी लांब लावून चालत आले, घामाघूम. त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मी तिथंच तांदूळ निवडत बसले होते. मला उठायला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी उठले नसते.

"मॅडम, आम्ही आता मॉडेल बदलतोय," साहेब सुनेला म्हणाले. कागद काढला. त्यावर तीन पर्याय होते. पहिला असा की सगळं काम आधी लिहून ठरवायचं, त्याची एकच रक्कम, मग मध्ये बदल नाही. दुसरा असा की माणसागणिक तास मोजायचे, आमच्यातल्या पोरी त्यांच्या ऑफिसात बसणार आणि त्यांच्या मॅनेजरच्या हाताखाली राहणार. तिसरा असा की पाचजणी आहेत तशा एकत्र, महिन्यावर, आणि कामाची वाटणी सून करणार.

"आम्हाला दुसरा सोयीचा आहे," साहेब म्हणाले. "तुमच्या दोन मुली चांगल्या आहेत. त्या दोघी द्या. बाकीच्यांची गरज नाही."

मुलगा पुढं सरकून म्हणाला, "साहेब, आपण सोमवारी सही करू." त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. एकुलतं एक गिऱ्हाईक दारातून उठून गेलं तर काय, ही भीती त्याला होती. पण दोघी गेल्या तर उरलेल्या तिघींनी काय करायचं, ते त्या कागदावर कुठं लिहिलेलं नव्हतं.

मी सूप खाली ठेवलं. "साहेब, ही तुमची तिन्ही मॉडेलं आमच्याकडं लई जुनी हायेत," मी म्हणाले. "उक्तं, रोजावर, नायतर टोळी."

"आई, तुला यातलं काय कळतंय?" मुलगा पुटपुटला.

"त्यांना बोलू द्या," साहेब हसून म्हणाले. हसले म्हणून मी जास्तच बोलले.

एका साली मला माहेरी लग्नाला जायचं होतं, म्हणून लावणी उक्ती, म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम ठरवून, देऊन टाकली. परत येऊन बांधावरून बघितलं तर दाट हिरवंगार. खूश झाले. पुढं कळलं की बांधालगतच्या चार ओळी दाट होत्या, आणि मध्ये, जिथं मालकीण चालत जात नाही तिथं, रोपं हातहातभर लांब. बायकांना काय बोलणार? त्यांना लवकर उरकायचं होतं, आणि तसं ठरवलं मीच होतं. बांध घालायचा असेल, विहिरीतला गाळ काढायचा असेल, तर उक्तं बरं. काम केवढं ते आधी डोळ्यांना दिसतं. पण ज्या कामात दर आठवड्याला बदल, ते उक्तं दिलं की रोज भांडण.

"म्हणूनच आम्हालाही पहिला पर्याय नको," साहेब म्हणाले.

"आता दुसऱ्याचं ऐका. कोळवणला एका शहरातल्या माणसानं शेत घेतलं. त्यानं बांधावर उभं राहून आमच्या टोळीतल्या दोन चपळ बायका निवडल्या, बाकीच्या नको म्हणाला. त्या गेल्या. दुपारपतुर अर्धं खाचरसुदिक झालं न्हाई. रोप काढून, जुड्या बांधून त्यांच्या हाताशी टाकणारी म्हातारी आमच्याकडंच राहिली होती. त्यानं लावणारे हात बघितले, त्या हातात रोप कोण देतंय ते बघितलं न्हाई."

"आजी, हे भात नाहीये."

"व्हय, न्हाई. भात सोपं असतंय."

सुनेला हसू आवरेना. मग तिनं वरच्या खोलीतल्या एकीला हाक मारून खाली बोलावलं. ही धनगरवाड्यावरची पोर, बाप अजून मेंढरं राखतो. दुसरीनं बनवलेलं कुठं मोडतंय ते शोधणं हे हिचं काम. साहेबांच्या मते गरज नसलेल्यांत हिचा नंबर पहिला.

"साहेबांना ते पावतीचं सांग," सून म्हणाली.

"पावती रद्द केली की माल स्क्रीनवर गोदामातच ऱ्हातोय," पोर म्हणाली. "तीन येळा कळवलंय. तुमचा माणूस म्हणला, असं कोण करतंय. अवो, गेटवर रोजच करत्यात."

साहेबांनी मोबाइलमध्ये काहीतरी लिहून घेतलं. सोमवारी कळवा म्हणाले आणि गेले.

ते गेल्यावर मी सुनेला सांगितलं की ज्या दोघी त्यांनी मागितल्यात त्यांना आधी विचार. त्यांच्या जिवावर आपण ताठ व्हायचं हे बरोबर नाही. एकीनं लगेच नाही म्हटलं. दुसरी कोळवणची, एसटीनं येणारी. ती म्हणाली, "आज्जी, घरचे म्हणत्यात, गळ्यात कंपनीचं कार्ड आलं की स्थळं चांगली येत्याल."

"मग जा की. कुणी अडवत न्हाई तुला," मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

तिनं एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी येऊन आपल्या टेबलाशी बसली. म्हणाली, "तितं माझी चूक तोंडावर कोण दाखवणार? ही दाखवती." आणि धनगराच्या पोरीला कोपर मारलं.

सुनेनं इंग्रजीत पत्र लिहिलं आणि मला मराठीत सांगितलं. पाचजणींची टोळी म्हणून महिन्यावर काम घेऊ. तुमच्या माणसानं रोज बघावं, विचारावं. आतली वाटणी आमची आम्ही करू. एखादं लहान, ठरलेलं काम असेल तर ते उक्तं करू. सुरुवातीला तिनं विनंती असा शब्द घातला होता. तो मी काढायला लावला. आपण मागत नव्हतो, सांगत होतो.

उत्तर आलं की तीन महिने बघू, पण चौघी. तपासणारी मुलगी नको. या वेळी सून मला विचारायला थांबलीसुद्धा नाही. जिन्यात उभ्या उभ्या फोनवर एवढंच लिहिलं, पाच. मुलगा डोक्याला हात लावून बसला आणि दोन दिवस माझ्याशी जेवणापुरतंच बोलला. त्या दोन दिवसांत मला काहीच वाटलं नाही असं म्हणेन तर खोटं होईल. पण शब्द मागं घ्यायचा विचार मनात आला नाही.

तिसऱ्या दिवशी पाचजणींचा कागद आला. तीन महिन्यांचाच. मुलगा म्हणतो, चौथ्या महिन्यात साहेब पुन्हा दोघींनाच मागायला येतील. येऊ देत. तोवर सुनेनं आणखी दोन कंपन्यांना पत्रं पाठवलीत, आणि त्या पत्रांत पहिलीच ओळ आहे की आम्ही पाचजणी आहोत.