नंबर खरवडलेलं इंजिन

गेल्या खंडेनवमीच्या सकाळी, पूजा सुरू होण्याआधी, माझ्या वडिलांनी नव्या इंजिनावरचा नंबर दाढीच्या ब्लेडने खरवडून काढला. इंजिन आदल्या संध्याकाळी घरी आलं होतं. त्याची वाट आम्ही दोन वर्षांहून जास्त काळ पाहत होतो.

इंजिन खेळण्यातलं म्हणावं तर नव्हतं, खरं म्हणावं तर वितीपेक्षा थोडं लांब. वाफेच्या काळात मेल गाड्या ओढणारं ते मोठं इंजिन, पुढे बंदुकीच्या गोळीसारखं नाक आणि नाकावर चांदणी. त्याचीच हुबेहूब छोटी प्रतिकृती, विजेच्या रुळांवर धावणारी. वडिलांनी त्या जातीच्या इंजिनावर घाटावरच्या एका रेल्वे शेडमध्ये भट्टीत कोळसा घालणारे फायरमन म्हणून उमेदीची वर्षं काढली. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. अंबरनाथच्या पुढे सोनिवलीच्या नव्या इमारतीत माझ्याकडे राहतात. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू आहे. या आजारात नजर कडांकडून आत मिटत येते. समोरचं दिसतं, बाजूचं जातं. गेलेलं परत येत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

परदेशातल्या एका कंपनीने हे मॉडेल काढणार असल्याचं जाहीर केलं, ते मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करत असताना फोनवर पाहिलं. भारतीय वाफेचं इंजिन या मापात, या दर्जाचं, आमच्या माहितीत आधी कोणी काढलं नव्हतं. संध्याकाळी घरी जाऊन वडिलांना चित्र दाखवलं. त्यांनी फोन नाकाजवळ धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, कधी येणार. पुढच्या वर्षी, मी म्हणालो. तोवर दिसेल, ते म्हणाले. इंजिन आधी येतं की नजर आधी जाते, हा प्रश्न त्या दिवसापासून घरात होता. तो कोणी बोलून दाखवत नसे.

रुळांचा छंद आम्हा तिघा मित्रांचा. एक मित्र अंबरनाथ पश्चिमेला राहतो, कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झाला. त्याच्या हॉलमध्ये प्लायवूडच्या टेबलावर आमचे रूळ, स्टेशन आणि घाट आहे. बायको त्याला म्हणते, पाहुण्यांना बसायला जागा नाही आणि गाडीला दोन फलाट. दुसरा मित्र उल्हासनगरचा सिंधी, जीन्सच्या कापडाचा व्यापारी. मराठी तो बाजारात शिकला आणि बाजारासारखीच बोलतो.

कंपनीने आधी रेखाचित्रं टाकली. मग रंग न दिलेल्या करड्या नमुन्याचे फोटो. त्या फोटोंवर आम्ही महिनोन्‌महिने काढले. शिट्टी योग्य जागी आहे का, इंजिनामागच्या कोळशा-पाण्याच्या डब्याची, म्हणजे टेंडरची, शिडी जाड झाली आहे का, चांदणीला कोपरे किती. प्रत्येक फोटो मी वडिलांना मोठा करून दाखवत असे आणि ते चूक काढत असत. अंबरनाथचा मित्र त्या चुका कंपनीला लिहून कळवत असे. दोन चुका कंपनीने दुरुस्त केल्या. त्या दिवशी वडिलांनी आईला सांगितलं, साहेब लोक अजून आपलं ऐकतात.

मग तारीख पुढे गेली. नंतर पुन्हा गेली. सिंधी मित्र म्हणाला, "साईं, ऑर्डर आपल्या उल्हासनगरला दिली असती तर दिवाळीच्या आत बनवून दिलं असतं. फक्त शिट्टी दुसऱ्या कंपनीची निघाली असती." अंबरनाथचा मित्र म्हणाला, आणि धुतल्यावर रंग गेला असता.

या काळात वडिलांच्या डाव्या डोळ्याचा बराच भाग गेला. जेवताना ताटाच्या कडेची चटणी त्यांना सापडत नसे. आई ती भाताजवळ सरकवत असे.

नंबरची कल्पना माझी. कंपनी मॉडेल दोन प्रकारे देणार होती, नंबर छापलेलं आणि कोरं. मी कोरं मागवलं. कारण आमच्या घरी एक नंबर होता. वडिलांची शेड बंद झाली, इंजिनं भंगारात गेली, तेव्हा एका इंजिनाची पितळी नंबरपाटी त्यांनी घरी आणली होती. ती एरवी कपाटाच्या वर फडक्यात गुंडाळलेली असे. खंडेनवमीला खाली येई. त्या दिवशी कामगारांच्या घरात हत्यारांची पूजा होते. शेजारी पान्हे, करवती, शिलाई मशीन, रिक्षा पुजत. आम्ही पाटी पुजत होतो. वडील तिला हळदकुंकू वाहत, झेंडूचं फूल ठेवत, नारळ फोडत. लहानपणापासून मी हे पाहत आलो. ते वडिलांचं इंजिन, त्यांचं लाडकं, असं मी धरून चाललो होतो. माझी बहीणही तसंच समजत होती. विचारायचं आम्हा दोघांच्याही मनात कधी आलं नाही.

सिंधी मित्राच्या ओळखीचा एक छापखाना उल्हासनगरात जीन्सच्या पट्ट्यांवरची लेबलं छापतो. त्याने पाटीच्या फोटोवरून तोच नंबर, त्याच वळणाच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत उतरवून दिला. पाण्यात भिजवून चिकटवायचं कागदी लेबल. इंजिन आलं त्या संध्याकाळी मी आणि अंबरनाथच्या मित्राने भिंगाखाली तो नंबर ड्रायव्हरच्या कॅबच्या दोन्ही बाजूंना बसवला. वडील झोपले होते. सकाळी पूजेच्या पाटावर, नंबरपाटीच्या शेजारी इंजिन ठेवायचं, असं ठरलं होतं.

सकाळी ते आंघोळ करून आले. पाटासमोर बसले. इंजिन हातात घेतलं, आधी बोटांनी पाहिलं. नाक, चांदणी, चिमणी, घुमट, चाकांना जोडणारे दांडे. चेहऱ्यावर हसू होतं, हे आई, मी आणि अंबरनाथचा मित्र, तिघांनी पाहिलं. मग त्यांनी भिंग मागितलं आणि कॅबच्या बाजूला लावलं.

त्यांनी इंजिन पाटावर ठेवलं नाही, मांडीवर ठेवलं. उठून न्हाणीघरात गेले आणि ब्लेड घेऊन आले. आधी एका बाजूचा नंबर खरवडला, मग दुसऱ्या. नजर नीट लागत नसल्यामुळे ब्लेड घसरलं आणि खालचा काळा रंगही निघाला. अंगठ्यातून रक्त आलं. मी हात धरायला पुढे झालो तर आईने मला मागे ओढलं.

काम झाल्यावर ते म्हणाले, "इतकी वर्षं नुसतं नाव होतं. तू तिला चाकं आणून दिलीस."

पुढचं त्यांनी त्याच जागी बसून सांगितलं. मी बातमीदार असताना अनेकांच्या तोंडून अपघात ऐकले आहेत. हा ऐकताना मला टिपून घ्यायचं सुचलं नाही.

ते तेव्हा नवे फायरमन होते. गाडी एका छोट्या स्टेशनात पाणी घ्यायला थांबली होती. ते टेंडरवर चढून नळाची चामड्याची सोंड धरून उभे होते. ड्रायव्हर खाली कॅबमध्ये एकटा होता. बॉयलरच्या आतली एक नळी फुटली. वाफ आणि आग भट्टीच्या दारातून कॅबमध्ये आली. वडिलांना टेंडरवरून त्याची पाठ दिसत होती, मग दिसेनाशी झाली. ड्रायव्हर तिथेच गेला. वडील त्याला उस्ताद म्हणत. त्या माणसाने त्यांना फावडं धरायला शिकवलं होतं.

इंजिन दुरुस्त होऊन परत आलं. शेडमधले लोक तिच्यावर जायला तयार नव्हते. ते तिला ती म्हणत. शेवटी म्हाताऱ्या कामगारांनी इंजिनाच्या पुढच्या बफरवर नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, तिला मान दिला. मग ती चालली. वडिलांची ड्यूटी पुढेही अनेकदा तिच्यावरच लागली. प्रत्येक खंडेनवमीला ते नारळ फोडत राहिले. ती कापली गेली तेव्हा पाटी कोणी घेईना. भंगारात पडून ती दुसऱ्या कोणाच्या घरी जाऊ नये, म्हणून त्यांनी ती आपल्या घरी आणली.

मान हा शब्द मला परका नव्हता. आमचं मूळ गाव बारवी धरणाच्या बाजूला. तिथे वेशीवर एक दगड आहे, त्याला वर्षातून एकदा नारळ देतात. त्या दगडावर कोणाचं प्रेम नाही. त्याने कोणाच्या वाटेला जाऊ नये म्हणून देतात. मी तो नारळ लहानपणी स्वतः वाहून नेला आहे. तरी घरातल्या पाटीकडे पाहताना ते मला कधी सुचलं नाही.

आईला विचारलं, तुला माहीत होतं का. ती म्हणाली, "लग्न झालं त्याच वर्षी यांनी सांगितलं. म्हणून तर त्या नारळाचा तुकडा तुम्हा पोरांच्या तोंडात कधी घातला नाही."

हे खरं होतं. पाटीपुढचा नारळ आम्ही कधी खाल्ला नव्हता. तो पिशवीत घालून उल्हास नदीत सोडायचा असे, आणि थोडा मोठा झाल्यापासून हे काम माझं होतं. तेल लागलेल्या पाटीपुढचा म्हणून खात नाहीत, असं मी बहिणीला सांगितलं होतं. मला ते कोणी सांगितलं होतं, आठवत नाही.

त्या दिवशी पूजा नेहमीसारखी झाली. पाटीला फूल वाहिलं, नारळ फोडला. इंजिन पूजेत नव्हतं. मित्राने ते डब्यात घालून अंबरनाथला नेलं. जाताना जिन्यात तो म्हणाला, दोन वर्षं आपण काय मागवत होतो रे.

नंतरच्या आठवड्यात मी वडिलांच्या बरोबरीच्या एका निवृत्त कामगाराला फोन केला. हकिगत न सांगता विचारलं. त्याने ड्रायव्हरचा मृत्यू सांगितला, नळी फुटल्याचं सांगितलं, पाणी भरताना झालं हेही सांगितलं. स्टेशनचं नाव त्याने वेगळं सांगितलं. नंबर न विचारता सांगितला. तो पाटीवरचाच होता.

घरात इंजिनाचा विषय बंद झाला. कंपनीने आता दुसऱ्या कुठल्या देशाचं इंजिन जाहीर केलं होतं. आमच्या तिघांच्या ग्रुपवर त्यावर कोणी लिहिलं नाही. वडील खिडकीत बसत. माळशेजच्या बाजूचे डोंगर कुठे संपतात ते त्यांना दिसत नाही, असं त्यांनी एकदा आपणहून सांगितलं.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी चहा पिताना त्यांनी विचारलं, "तिला नवीन नंबर नाही ना लावला कोणी?"

नाही, मी म्हणालो.

"मग चल. दिसतंय तोवर."

आम्ही रिक्षाने गेलो. चिखलोलीला नवं स्टेशन होणार असं वर्षानुवर्षं ऐकत होतो; तिथे त्यांनी विचारलं, स्टेशन झालं का इथे. अजून नाही, रिक्षावाला म्हणाला, काका, ते होण्याआधी तुम्ही उतराल. मित्राच्या घरी सिंधी मित्रही आला होता. त्याने खाली वाकून नमस्कार केला आणि लेबल छापल्याबद्दल काही बोलायला लागला. वडिलांनी त्याला खांद्याला धरून शेजारी बसवलं आणि विचारलं, कापडाला सध्या भाव कसा आहे.

मित्राने डबा उघडला. खरवडलेल्या जागी त्याने काळा रंग लावला होता. डब्यात एक छोटं पाकीट होतं, तोवर आम्ही न फोडलेलं. त्यात नखाएवढ्या दोन बाहुल्या होत्या, कॅबमध्ये बसवायच्या. एक ड्रायव्हर, एक फायरमन, त्याच्या हातात फावडं. मित्राने विचारलं, बसवू का दोघांना. वडिलांनी बाहुल्या तळहातावर घेतल्या, भिंगाखाली पाहिल्या.

ते म्हणाले, "उस्तादला बसव."

मित्राने चिमट्याने ड्रायव्हरची बाहुली चिकटवली. गोंद वाळेपर्यंत आम्ही चहा घेतला. मग वडिलांची खुर्ची टेबलाला लावली आणि त्यांनी हनुवटी रुळांच्या उंचीवर आणली. मित्राने वीज हळूहळू वाढवली. इंजिन निघालं. वळणावर ते त्यांच्या नजरेतून सुटत होतं. तेव्हा वडील म्हणत, गेली. परत समोर आलं की म्हणत, आली. ते थांब म्हणेपर्यंत मित्राने इंजिन चालू ठेवलं.

इंजिन अंबरनाथलाच आहे. कॅबमध्ये ड्रायव्हर आहे. फावडंवाली बाहुली वडिलांनी शर्टाच्या खिशात घालून घरी आणली.